एल्कच्या शिकारीसाठी परवडणारी ठासणीची रायफल: निवड कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कोलोरॅडोत राहता, येत्या सप्टेंबरमध्ये ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकांसाठी राखून ठेवलेल्या हंगामात एल्क या हरणाच्या कुळातल्या थोराड जनावराच्या शिकारीला जाण्याचा आपला विचार आहे, आणि रायफलीसाठी ४०० डॉलरांहून अधिक खर्च करायचा नाही. आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: सीव्हीए कंपनीची नवी वुल्फ, एका दुकानात पाहिलेली थॉम्पसन सेंटरची जुनी रायफल, आणि मित्राने सुचवलेली हॉकेन धाटणीची, बाजूला घोडा असलेली पारंपरिक रायफल. मी याच राज्यात सतरा हंगाम ठासणीच्या रायफलीने शिकार केली आहे, नवख्या शिकाऱ्यांना ती भरायला आणि साफ करायला शिकवतो, आणि या तिन्ही प्रकारांच्या रायफली माझ्या हातून गेल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे की कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न दुसरा आहे. ज्या हंगामात जायचे त्याचे नियम कोणती गोळी, कोणती दारू आणि कोणती नेमपट्टी चालू देतात, हा प्रश्न पहिला आहे. त्याचे उत्तर मिळाले की निम्म्या रायफली आपोआप बाद होतात, आणि उरलेल्यांपैकी अगदी स्वस्त रायफलसुद्धा एल्कसाठी पुरेशी ठरते.

कोलोरॅडोचे नियम या बाबतीत कडक आहेत. एल्कसाठी नळीचा व्यास किमान .५० कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच, असावा लागतो, हरणाला .४० चालते, एल्कला चालत नाही. नळी एकच असावी आणि तिच्यातून एका वेळी एकच गोळी सुटावी, मग ती गोल असो वा शंक्वाकृती. शंक्वाकृती गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त असता कामा नये, म्हणजे .५० कॅलिबरसाठी ती एक इंचाच्या आत हवी. प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली लहान व्यासाची गोळी, जिला सॅबो म्हणतात, तिला बंदी आहे. दारू सुटी हवी. दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत, आणि धूररहित दारू तर मुळीच चालत नाही. दुर्बीण लावता येत नाही, उघड्या नेमपट्टीनेच नेम धरावा लागतो. त्या पट्टीला चमकणारे फायबर ऑप्टिकचे ठिपके मात्र चालतात. दर वर्षीची नियमपुस्तिका कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खाते विनामूल्य देते. रायफल घेण्याआधी ती डोळ्यांखालून घाला, कारण नियम बदलतात आणि शिक्षा शिकाऱ्याला होते, दुकानदाराला नाही.

दुसऱ्या राज्यांत जाण्याचा बेत असेल, तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. आयडाहोत ठासणीच्या हंगामात शॉटगनची २०९ क्रमांकाची टोपी, म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणारी छोटी वाटी, चालत नाही आणि टोपी बसण्याची जागा उघडी असावी लागते. म्हणूनच काही कंपन्या आपल्या स्वस्त रायफलींची 'नॉर्थवेस्ट' नावाची वेगळी आवृत्ती काढतात. पूर्वेकडे पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हंगामात तर केवळ चकमकीची बंदूक चालते. एकच रायफल घेऊन सगळीकडे फिरता येईल, असे समजू नये.

या नियमांच्या कसोटीवर वुल्फ उतरते का? उतरते, पण एका अटीवर. वुल्फ आणि तिची थोरली बहीण ऑप्टिमा या रायफली अनेक आवृत्त्यांत विकल्या जातात. काहींवर उघडी नेमपट्टी असते, तर काहींवर फक्त दुर्बीण बसवण्याचा पाया असतो आणि नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरण्याचा पुढचा उंचवटा, नसतेच. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने सवलतीत दुर्बिणीसकट रायफल घेतली होती. दुर्बीण काढली तेव्हा नेम धरायला काहीच उरले नाही, आणि वेगळी पट्टी विकत घेऊन बसवून घेण्यात सवलतीचे सगळे पैसे गेले. म्हणून दुकानात रायफल हातात घ्या, खांद्याला लावा, आणि पुढची माशी व मागची खाच दोन्ही जागेवर आहेत याची खात्री करा. मागची पट्टी उजवी-डावीकडे आणि वर-खाली सरकवता येते का, तेही पाहा, कारण वजनदार शिशाची गोळी हलक्या गोळीपेक्षा बरीच खाली लागते आणि काही स्वस्त पट्ट्या तेवढ्या वर चढत नाहीत.

आता किमतीचा विचार करू. वुल्फ साधारण अडीचशे ते तीनशे डॉलरांना मिळते, ट्रॅडिशन्स कंपनीची बकस्टॉकर त्याच टप्प्यात येते, आणि ऑप्टिमा साडेतीनशेपासून पुढे जाते. या सगळ्या मधून मोडणाऱ्या इनलाइन रायफली आहेत. म्हणजे टोपी नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत बसते आणि ठिणगीला वळण घ्यावे लागत नाही. ही रचना १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी आपल्या एमके-८५ या रायफलीतून लोकप्रिय केली, आणि आजच्या जवळजवळ सगळ्या स्वस्त रायफली त्याच कल्पनेवर उभ्या आहेत. स्वस्त म्हणजे कच्चे लोखंड, असा समज करून घेऊ नये. सीव्हीएच्या नळ्या स्पेनमध्ये बर्गारा येथे बनतात आणि ट्रॅडिशन्सच्या नळ्याही स्पेनमधूनच येतात. महागड्या रायफलीत आपण पैसे मोजतो ते लांब नळीसाठी, नितळ चापासाठी आणि देखण्या दस्त्यासाठी. उघड्या नेमपट्टीने ८० यार्डांवर नेम धरणाऱ्या माणसाला त्यातला फरक फारच थोडा जाणवतो.

वुल्फ आणि ऑप्टिमा यांतला एक फरक मात्र मी गंभीरपणे घेतो. वुल्फची नळी २४ इंचांची आहे आणि रायफलीचे वजन साधारण सव्वासहा पौंड. ऑप्टिमाची नळी २६ इंचांची आणि वजन थोडे अधिक. नळी लांब असली की माशी आणि मागची खाच यांमधले अंतर वाढते आणि उघड्या पट्टीने नेम अधिक स्थिर धरता येतो. शिवाय ३५० ग्रेनची (सुमारे २३ ग्रॅमची) शिशाची गोळी हलक्या रायफलीतून सुटते तेव्हा खांद्याला चांगलाच दणका बसतो, आणि दणक्याला घाबरून चाप झटक्याने ओढायची सवय एकदा लागली की ती मोडायला वर्ष जाते. थोडी जुनी पण उत्तम स्थितीतली ऑप्टिमा चारशेच्या आत मिळाली, तर ती घ्यावी असे मी सांगेन. न मिळाल्यास नवी वुल्फ घ्यावी, आणि उरलेल्या पैशांतून दारू, टोप्या आणि गोळ्या आणून उन्हाळाभर सराव करावा. दारूच्या एक पौंडाच्या डब्यातून सत्तरहून अधिक बार निघतात, आणि त्या सत्तर बारांनी जे येते ते महागड्या रायफलीने येत नाही.

हॉकेन धाटणीच्या रायफलीविषयी माझ्या मनात आदर आहे. माझ्या आजोळी, संगमेश्वरकडे, शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रंजक, गज (गोळी ठासायची काठी), बार भरणे हे शब्द मी लहानपणी तिथेच ऐकले, आणि पुढे इकडे येऊन पहिल्यांदा बाजूच्या घोड्याची रायफल हाती घेतली तेव्हा ती परकी वाटली नाही. तरीही पहिल्या एल्कसाठी मी ती सुचवणार नाही. ११ क्रमांकाची लहान टोपी निपल नावाच्या उघड्या नळकांडीवर बसते आणि तिची ठिणगी काटकोनात वळून दारूपर्यंत पोहोचते. सप्टेंबरमध्ये रॉकी पर्वतात नऊ-दहा हजार फुटांवर दुपारी वादळी पाऊस ही नित्याची गोष्ट आहे, आणि ओलावा शिरला की घोडा पडतो, टोपी फुटते, पण बार उडत नाही. दुसरी अडचण नळीच्या पिळाची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळत्या खाचांची, आहे. पारंपरिक रायफलीत बहुधा ४८ इंचांत एक पीळ असतो, काहींत ६६ इंचांत. हा सावकाश पीळ कापडी चिंधीत बसवलेल्या गोल गोळीसाठी आहे. .५० कॅलिबरमधली ती गोल गोळी जेमतेम १७७ ग्रेनची भरते. हरणासाठी ती पुरेशी आहे. पण पाच-सातशे पौंडांच्या एल्कच्या खांद्यातून आत शिरून पलीकडे पोहोचण्यासाठी मला ती अपुरी वाटते. इनलाइन रायफलीतला २८ इंचांतला एक पीळ लांब, जड शंक्वाकृती गोळीला व्यवस्थित फिरवतो, आणि एल्कसाठी तीच गोळी हवी.

जुन्या रायफलीचा विषय मी सविस्तर मांडतो, कारण पैसे वाचतात ते इथेच आणि बुडतातही इथेच. काळी दारू आणि तिच्या जागी वापरल्या जाणाऱ्या पायरोडेक्ससारख्या पुडी जळल्यावर नळीत क्षार सोडतात. ते क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि त्याच दिवशी साफ न केलेली नळी दोन-तीन दिवसांत आतून खाल्ली जाते. बाहेरून ती रायफल नव्यासारखी दिसते. माझी पहिली जुनी रायफल मी अशीच फसून घेतली. दस्त्यावर ओरखडा नव्हता, किंमत दीडशे डॉलर होती, आणि घरी आणून गजाला ओली चिंधी लावून आत घातली तेव्हा तळापासून चार बोटांवर ती अडकली. ओढून काढली तर चिंधीचे धागे निघालेले होते आणि तिच्यावर विटकरी रंगाचा डाग होता. त्या रायफलीने ५० यार्डांवर कधी तीन गोळ्या एका ताटलीत बसवल्या नाहीत.

तेव्हापासून मी ब्रीच प्लग काढून दाखवल्याशिवाय जुनी इनलाइन रायफल घेत नाही. प्लग म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा आट्यांचा तुकडा. तो हाताने किंवा पान्याने सहज सुटायला हवा. गंजून बसला असेल, तर मालकाने साफसफाई केलेली नाही हे तिथेच सिद्ध होते. प्लग निघाला की पांढरा कागद एका टोकाला धरा आणि दुसऱ्या टोकाने प्रकाशाकडे पाहा. खाचांच्या कडा स्वच्छ, धारदार दिसायला हव्यात. नळीत कुठेही गोल काळी कडी दिसली, तर ती रायफल तिथेच ठेवून बाहेर पडा, कारण बहुधा कोणीतरी गोळी दारूवर पूर्ण न दाबता बार उडवला आहे आणि नळी त्या ठिकाणी फुगली आहे. त्यानंतर घट्ट चिंधी गजावरून आत-बाहेर फिरवा. चिंधी सर्वत्र सारख्याच दाबाने सरकली पाहिजे.

थॉम्पसन सेंटरच्या जुन्या रायफली चांगल्या आहेत. ओमेगा किंवा इम्पॅक्ट योग्य किमतीत आणि स्वच्छ नळीसह मिळाली, तर निःशंक घ्यावी. मात्र तेव्हाची मालक कंपनी स्मिथ अँड वेसनने २०२१ मध्ये हा विभाग विकायचे जाहीर केल्यानंतर त्याचे उत्पादन काही काळ थांबले होते, त्यामुळे आपल्या मॉडेलचा सुटा ब्रीच प्लग बाजारात मिळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. सीव्हीएच्या जुन्या इनलाइन रायफलींविषयी एक इशारा प्रत्येक घेणाऱ्याला माहीत असायला हवा: अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असलेल्या इनलाइन रायफली कंपनीने १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. अशी रायफल आजही एखाद्या गॅरेज सेलमध्ये पन्नास डॉलरांना दिसू शकते. ती फुकट मिळाली तरी भरू नये.

व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींकडून मला वारंवार विचारले जाते की ही रायफल घेणे कायदेशीर आहे का. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, केवळ काळी दारू किंवा तिची पर्यायी पूड वापरणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची रायफल संघराज्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' ठरत नाही. ज्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही बसू शकते त्या रायफली, उदाहरणार्थ थॉम्पसन सेंटरची एन्कोर, या सवलतीत येत नाहीत. राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात, म्हणून एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर खरेदीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. त्यात कंजुषी करू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरातून या विद्येची ओळख झालेली नसते. म्हणून कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचे असलेले शिकारी-प्रशिक्षण केवळ कागद मिळवण्यापुरते करू नये.

रायफल घरी आली की पुढचे काम गोळी आणि दारू यांचा मेळ बसवण्याचे. मी ट्रिपल सेव्हन नावाची सुटी पर्यायी दारू वापरतो, दोन एफ जाडीच्या दाण्याची. ती काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे, त्यामुळे काळ्या दारूचे माप जसेच्या तसे वापरू नये. ३५० ग्रेनच्या आसपासच्या शंक्वाकृती गोळीखाली ८० ग्रेनपासून सुरुवात करावी, रायफलीच्या पुस्तिकेतली मर्यादा पाळून पाच-पाच ग्रेनने वाढवावे, आणि जिथे गोळ्या सर्वांत जवळ जवळ लागतील तिथे थांबावे. माझ्या रायफलीचे ते माप ९० ग्रेन आहे. हे ग्रेन मापट्याने, म्हणजे आकारमानाने मोजायचे असतात, तराजूने नव्हे. आणि दारू डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आत एखादी ठिणगी धुमसत असेल, तर अख्खा डबा हातात फुटतो. धूररहित दारूचा एक चमचासुद्धा अशा रायफलीत घालू नये. तिचा दाब सहन करण्यासाठी या नळ्या बनवलेल्याच नाहीत, आणि ती चूक करणाऱ्याची बोटे जातात.

सॅबोला बंदी असल्यामुळे गोळी नळीत नेमकी बसणे फार महत्त्वाचे ठरते. एकाच कॅलिबरच्या दोन नळ्यांमध्ये किंचित फरक असतो, म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची लहान पाकिटे आणून पाहावीत. गोळी अंगठ्याच्या जोराने नळीच्या तोंडात शिरावी आणि गजाने सारख्या दाबाने खाली जावी. मग टोपी न लावता रायफल तोंड खाली करून दोन-चार वेळा हलवावी आणि गज पुन्हा घालून पाहावा. गोळी दारूवरून पुढे सरकली असेल, तर ती या रायफलीसाठी बाद, कारण दारू आणि गोळी यांमधली पोकळी नळी फाडू शकते. यासाठीच गजावर दोन खुणा करून ठेवाव्यात: एक रिकाम्या नळीची, दुसरी बार भरलेल्या नळीची. दिवसभराच्या चालीत मी चार-पाच वेळा गज घालून ती खूण पाहतो. दोनदा बार भरला गेला तर तेही त्याच खुणेवरून लगेच कळते.

अशी गोळी सेकंदाला साधारण १,४०० ते १,५०० फूट वेगाने सुटते. १०० यार्डांवर नेम बसवला, तर १५० यार्डांवर ती सुमारे आठ इंच खाली जाते, आणि एल्क १२० वर आहे की १५० वर हे संध्याकाळच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. शिवाय त्या अंतरावर माशीच जनावराची बरीचशी छाती झाकून टाकते. म्हणून मी माझी मर्यादा १०० यार्ड ठेवली आहे. आपण पहिल्या हंगामात ७५ ठेवावी. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ असल्याने नर साद घालत जवळ येतात आणि हे अंतर मिळते. माझी शेवटची मादी मला ६२ पावलांवर मिळाली. अॅस्पेनच्या झाडीतून ती आडवी निघाली, मी खांद्यामागे नेम धरून चाप ओढला, आणि पुढचे काही क्षण पांढऱ्या धुराशिवाय काहीच दिसले नाही. धूर विरेपर्यंत जागेवरून न हलता, जनावर शेवटचे कुठे होते ते झाड डोळ्यांसमोर ठेवणे आणि पुन्हा बार भरणे, याचाही सराव मैदानावरच करून ठेवावा.

पावसासाठी मी नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावतो. ती काढायची गरज नसते, नळीतली हवाच तिला आधी उडवते. दिवसाचा पहिला बार भरण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या उडवाव्यात, म्हणजे प्लगचे छिद्र मोकळे होते. रात्री भरलेली रायफल तंबूच्या उबेत आणू नये, आत दव धरते. टोपी काढून ती बाहेर, आडोशाला, सुरक्षित जागी ठेवावी. टोपी काढल्याशिवाय गाडीत तर ती ठेवूच नये. बार उडालेल्या दिवशी मात्र कितीही थकवा आला असला तरी प्लग काढून गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवावी, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसावी, तेलाचा हात फिरवावा, आणि प्लगच्या आट्यांना ग्रीस लावूनच तो परत बसवावा.

ठासणीच्या हंगामात एल्कचा परवाना सोडतीने मिळतो आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, हे ध्यानात ठेवावे. आपण अर्ज भरा, पुस्तिका वाचा, आणि दुकानातल्या त्या थॉम्पसन सेंटरचा ब्रीच प्लग काढून दाखवायला सांगा. दुकानदार तयार झाला आणि नळी स्वच्छ निघाली, तर ती घ्या. तो नाही म्हणाला, तर वुल्फ घ्या, उघड्या नेमपट्टीची.